मरणाबद्दलचे इंग्रजी बोलीतले वाक्प्रचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी निघालेल्या नर्सेसना आणि केअर होममध्ये कामाला लागणाऱ्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवते. औषधांची नावं, हँडओव्हर, रात्री डॉक्टरांना फोन करून काय सांगायचं, हे सगळं त्यांचं तोंडपाठ असतं. अडतं ते म्हाताऱ्या पेशंटांच्या साध्या बोलण्यापाशी. मरणाचा विषय निघाला की इंग्रज माणूस सरळ शब्द टाळतो. बादली, डेझी, शेत, खिळा असं काहीतरी मध्येच येतं आणि नवखी मुलगी गोंधळते. वर्गात आणि नंतर तिकडून फोनवर ज्या शंका पुन्हा पुन्हा आल्या, त्या इथे उत्तरांसकट देते आहे.

हे सगळं शिकायची खरंच गरज आहे का? ‘डाइड’ एवढा एक शब्द पुरत नाही का?

बोलायला पुरतो. ऐकायला पुरत नाही.

उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशरच्या एका केअर होममध्ये लागलेल्या माझ्या विद्यार्थिनीचा प्रसंग सांगते. तिच्याकडे नव्वदी ओलांडलेले एक आजोबा होते, तरुणपणी कापडगिरणीत काम केलेले. एका संध्याकाळी ती त्यांचे पाय पुसत असताना ते म्हणाले, ‘व्हेन आय पॉप माय क्लॉग्ज, द रेडिओ गोज टू माय ग्रँडसन.’ क्लॉग्ज म्हणजे पायातलं काहीतरी, एवढं तिला माहीत होतं. तिनं त्यांच्या सपाता उचलून पलंगाखाली नीट लावून ठेवल्या, रेडिओ बंद केला आणि ‘गुड नाइट’ म्हणून निघून आली. आजोबा खरं तर आपल्यामागे काय करायचं ते सांगत होते. मुलगा नाही, सून नाही, तिलाच सांगत होते. चार दिवसांनी सोबतच्या बाईकडून अर्थ कळला, तेव्हा तिनं मला रात्री फोन केला आणि रडली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या पलंगाशी जाऊन बसली, नातवाचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

म्हणून शिकायचं.

‘पॉप युअर क्लॉग्ज’ म्हणजे नक्की काय?

मरणे. हा खास ब्रिटिश वाक्प्रचार आहे. अमेरिकेत फारसा कळणार नाही.

क्लॉग्ज म्हणजे लाकडी तळव्याचे बूट. लँकेशरच्या गिरण्यांमध्ये ते सर्रास वापरत. तळवा बहुधा आल्डर नावाच्या झाडाच्या लाकडाचा, वर जाड चामडं, आणि खाली घोड्याच्या नालेसारख्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. गिरणीतल्या ओल्या, तेलकट फरशीवर ते टिकत, आणि पायही कोरडे राहत. पहाटे पाळीला निघालेल्या माणसांच्या क्लॉग्जचा दगडी रस्त्यावरचा खडखडाट हा त्या गावांचा भोंगाच होता. ज्यांच्या घरात कुणी लालबाग-परळच्या गिरणीत होतं, त्यांना ते चित्र सहज दिसेल.

‘पॉप’चा अर्थ इथे फुटणे असा नाही. जुन्या बोलीत ‘पॉप’ म्हणजे गहाण टाकणे. मजुराचे क्लॉग्ज सावकाराकडे गहाण पडले म्हणजे त्याला आता कामावर जायचं नाही, असा उलगडा सगळ्यात पटणारा म्हणून दिला जातो. मात्र हा वाक्प्रचार छापील मजकुरात दिसतो तो विसाव्या शतकात, गिरण्यांचा भरभराटीचा काळ ओसरल्यावर. त्यामुळे गिरणी कामगार शंभर-दीडशे वर्षांपूर्वी असंच बोलत होते असं छातीठोकपणे सांगू नका. बहुधा क्लॉग्ज मागे पडले तेव्हाच, जुन्या दिवसांची आठवण म्हणून कुणीतरी हे शब्द जुळवले.

‘किक द बकेट’मधली बादली कुठली?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच, आणि उत्तरही वर्गातल्या कुणीतरी आधीच वाचलेलं असतं: फाशी घेणारा माणूस बादलीवर उभा राहतो आणि ती लाथाडतो. ही गोष्ट फार पसरली आहे. तिला आधार देणारा जुना लेखी पुरावा मात्र नाही.

लेखी पुरावा आहे तो असा. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थांनी १७८५ मध्ये लंडनमध्ये रस्त्यावरच्या, गुत्त्यांमधल्या, चोराचिलटांच्या बोलीचा एक कोश छापला. त्यासाठी ते रात्रीबेरात्री सोबत्याला घेऊन लंडनच्या गल्लीबोळांत फिरत आणि कानावर पडलेले शब्द टिपून घेत. त्या कोशात ‘टु किक द बकेट’ आहे आणि समोर अर्थ एवढाच: मरणे. म्हणजे त्या वेळी हा वाक्प्रचार लोकांच्या तोंडी रुळलेला होता.

आता ‘बकेट’. बादलीखेरीज या शब्दाचा आणखी एक, आता विसरला गेलेला अर्थ होता: वजन टांगायची आडवी तुळई किंवा दांडी. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या दुसऱ्या भागात फॉलस्टाफच्या तोंडी ‘ब्रुअर्स बकेट’ येतं. तिथे दारू गाळणाऱ्याची वजन टांगून न्यायची दांडी अभिप्रेत आहे असं अभ्यासक मानतात. आपल्या कावडीची काठी डोळ्यांपुढे आणा. इंग्लंडच्या नॉर्फोक भागात डुक्कर कापताना त्याला मागच्या पायांनी ज्या तुळईला टांगत, तिलाही बकेट म्हणत. जीव जाताना जनावर झटके देतं, टाचा त्या लाकडावर आपटतात. ‘बकेटला लाथ’ ती ही. कोशकार याच उलगड्याच्या बाजूनं झुकतात, आणि मलाही तोच पटतो, कारण शेतावरच्या माणसानं दर हिवाळ्यात डोळ्यांनी पाहिलेली ती गोष्ट आहे.

चित्र क्रूर आहे. हा वाक्प्रचार दुःखात असलेल्या माणसापुढे का वापरत नाहीत, ते यावरून कळावं.

‘बकेट लिस्ट’ यातूनच आली का?

हो. मरायच्या आधी करायच्या गोष्टींची यादी. २००७ मध्ये जॅक निकल्सन आणि मॉर्गन फ्रीमन यांचा याच नावाचा चित्रपट आला आणि शब्द जगभर गेला. मराठीत आता तो इतका रुळलाय की लडाख आणि कोकणकडा एकाच यादीत बसतात आणि मरणाची आठवणही कुणाला होत नाही.

‘पुशिंग अप द डेझीज’ ऐकायला गोड वाटतं. ते दुःखाच्या वेळी चालेल का?

नाही चालणार, पण त्याची गोष्ट सांगायलाच हवी.

डेझी हे ब्रिटनमधलं अगदी साधं फूल. गवतात जमिनीलगत उगवतं, पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका. जुन्या इंग्रजीत त्याचं नाव ‘दिवसाचा डोळा’ अशा अर्थाचं होतं, कारण ते सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. पुरलेल्या माणसाच्या अंगावरच्या गवतात ही फुलं येतात. म्हणजे तो खालून फुलं वर ढकलतो आहे, अशी ती कल्पना. एकोणिसाव्या शतकात ‘डेझीकडे पायाची बोटं वळवणे’ असा तिचा एक थोरला भाऊ होता. फ्रेंचमध्येही जवळचाच वाक्प्रचार आहे: डँडेलियन मुळाकडून खाणे.

‘डेझी वर ढकलणे’ रुजलं ते पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या तोंडी. विल्फ्रेड ओवेन या कवी-अधिकाऱ्यानं ‘अ तेर’ या कवितेत ते शिपायांची श्रद्धा म्हणून घातलं आहे. खंदकात चिखलात बसलेली, उद्याचा भरवसा नसलेली पोरं एकमेकांना हे म्हणत. आपण चिखलात कुजणार हे त्यांना दिसत होतं. त्या चिखलावर घरच्या अंगणातलं फूल त्यांनी आणून ठेवलं. मला तरी या वाक्प्रचारात थट्टेपेक्षा घरची ओढ जास्त ऐकू येते.

ओवेन स्वतः ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये एक कालवा ओलांडताना मारला गेला. वय २५. युद्ध थांबायला बरोबर एक आठवडा होता. त्याच्या मृत्यूची तार घरी पोचली ती ११ तारखेला, युद्धबंदीच्या घंटा वाजत असताना, असं सांगतात. त्याच्या आईनं १९२० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिलं होतं. शेवटची रजा संपवून निघताना मुलानं ‘गीतांजली’तली एक ओळ म्हटली होती, जाताना माझा हाच निरोप असो अशा अर्थाची, आणि त्याच्या खिशातल्या वहीत ती ठाकुरांच्या नावासकट लिहिलेली सापडली, असं तिनं कळवलं. वाक्प्रचाराच्या अर्थाशी याचा थेट संबंध नाही, पण डेझी शिकवताना मी हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

‘सिक्स फीट अंडर’: कबर खरंच सहा फूट खोल असते का?

सगळीकडे नाही. सहा फुटांचा आकडा मात्र हवेतला नाही. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं. नोंदलेले प्लेगचे बळीच ६८ हजारांवर होते, प्रत्यक्षात लाखाच्या घरात गेले असं मानतात. त्या वर्षी नगराच्या लॉर्ड मेयरनं काढलेल्या हुकुमांमध्ये एक होता: प्रत्येक कबर किमान सहा फूट खोल खणावी. डॅनियल डिफोनं १७२२ मध्ये त्या प्लेगवर लिहिलं तेव्हा हे हुकूम त्यात दिले, त्यामुळे ते लोकांच्या वाचनात राहिले. वाक्प्रचार म्हणून हे शब्द रुळले ते मात्र विसाव्या शतकात.

‘बाइट द डस्ट’ म्हणजे आपलं ‘धूळ चारणे’च ना?

दिसायला जुळी भावंडं, पण घरं वेगळी. आपल्याकडे धूळ चारतो तो जिंकणारा, आणि हरलेला माणूस जिवंत असतो. कुस्तीच्या आखाड्यातली माती, पाठ टेकली की संपलं. उद्या पुन्हा लंगोट कसून येता येतं. इंग्रजीत धूळ चावतो तो पडणारा, आणि मुळात तो मेलेलाच असतो. घोड्यावरून किंवा रथातून तोंडघशी पडलेल्या योद्ध्याचे दात मातीत रुतलेत, असं हे रणांगणावरचं चित्र आहे. होमरच्या ‘इलियड’च्या इंग्रजी भाषांतरांत ते येतं, विल्यम कलन ब्रायंटच्या १८७० च्या भाषांतरात नेमके हे शब्द आहेत. त्याआधी अठराव्या शतकाच्या मध्यावर स्मॉलेटनं केलेल्या एका फ्रेंच कादंबरीच्या भाषांतरातही ते सापडतात. त्याहून जुनं म्हणजे १६११ च्या इंग्रजी बायबलातलं ७२वं स्तोत्र. तिथे शत्रू धूळ चाटतात, म्हणजे शरण येतात.

आज कंपनी बुडली, फ्रिज बंद पडला, संघ स्पर्धेबाहेर गेला, सगळ्यालाच हे म्हणतात. त्यात १९८० च्या क्वीन बँडच्या गाण्याचा मोठा हात. ते गाणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीचं शाळकरी वय आपल्या पाचगणीत गेलं, हे वर्गात सांगितलं की मुली एकदम सरसावून बसतात.

‘गिव्ह अप द घोस्ट’मध्ये भूत कुठून आलं?

भूत नाहीच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ प्राण, आत्मा, श्वास असा होता. जर्मनमध्ये ‘गाइस्ट’ अजून तसाच आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलांपासून हा वाक्प्रचार चालत आला, आणि क्रुसावर येशूच्या मृत्यूच्या जागी तोच आहे. मराठीत त्याला ‘प्राण सोडणे’ हे इतकं नेमकं बसतं की भाषांतर करावं लागतच नाही. फरक एवढाच की आज इंग्रजीत मुख्यतः यंत्रं प्राण सोडतात. ‘माय कार गेव्ह अप द घोस्ट’ हे रोजचं वाक्य आहे; माणसाबद्दल म्हटलं तर जुनाट वाटतं.

शवपेटीत घंटी बांधत असत आणि त्यावरून ‘सेव्ह्ड बाय द बेल’, ‘डेड रिंगर’, ‘ग्रेव्हयार्ड शिफ्ट’ आले, हा मेसेज खरा आहे का?

नाही. आणि हा मेसेज मला दरवर्षी किमान दहा जण पाठवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट अशी सांगतात: पूर्वी इंग्लंडमध्ये लोकांना चुकून जिवंत पुरत. म्हणून प्रेताच्या मनगटाला दोरी बांधून वर घंटी लावत, रात्रभर दफनभूमीत माणूस बसवत, आणि घंटी वाजली की उकरून काढत. रात्रीची पाळी ती ग्रेव्हयार्ड शिफ्ट, वाचलेला तो सेव्ह्ड बाय द बेल, घंटी वाजवणारा तो डेड रिंगर. १९९९ मध्ये ‘पंधराशेच्या शतकातलं जीवन’ अशा मथळ्याचा एक ईमेल इंग्रजीत फिरला, त्यात हे होतं. आता तेच मराठीत फिरतंय.

यात खरं काय आहे ते आधी सांगते. जिवंत पुरलं जाण्याची धास्ती खरी होती. कॉलऱ्याच्या साथींमध्ये घाईनं पुरत, नाडी नीट कळत नसे, आणि एकोणिसाव्या शतकात ती भीती फार वाढली होती. अमेरिकेत न्यूआर्कच्या फ्रांझ व्हेस्टर यांनी १८६८ मध्ये शिडी आणि घंटी असलेल्या शवपेटीचं पेटंट घेतलं. १८९७ मध्ये कार्निस-कार्निकी नावाच्या काउंटनं नळी, झेंडा आणि घंटी असलेली पेटी काढली. छातीची हालचाल झाली की झेंडा वर यायचा. या वस्तू होत्या. त्यामुळे कुणी वाचल्याची पक्की नोंद मात्र नाही.

आणि तिन्ही शब्दांचं मूळ दुसरीकडे आहे. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ बॉक्सिंगमधून आलं: मार खाऊन पडलेला गडी, पंच दहा आकडे मोजतोय, तेवढ्यात फेरी संपल्याची घंटा. ‘रिंगर’ हा अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतला शब्द. अशक्त घोड्याच्या नावावर त्याच्यासारखाच दिसणारा तगडा घोडा पळवायचा, तो रिंगर; आणि तिथला ‘डेड’ म्हणजे ‘हुबेहूब, तंतोतंत’. म्हणून ‘डेड रिंगर’ म्हणजे अगदी दुसरी प्रत. मरणाशी त्याचा काहीच संबंध नाही. ‘ग्रेव्हयार्ड शिफ्ट’ मध्यरात्रीनंतरच्या पाळीला म्हणतात, कारण त्या वेळी सगळं मसणवटीसारखं सुनसान असतं. नाइट ड्यूटी केलेल्या कुणालाही त्यासाठी घंटीची गरज नाही.

मला या मेसेजचा राग येतो त्याचं कारण आहे. तो वाचून मुली ‘डेड रिंगर’चा अर्थ ‘मरता मरता वाचलेला’ असा पाठ करतात. मग पेशंटच्या लेकीनं ‘शी इज अ डेड रिंगर फॉर मदर’ म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. ती बिचारी ‘हुबेहूब आईसारखी दिसते’ एवढंच म्हणत असते.

‘डेडलाइन’मध्ये ‘डेड’ का?

कारण ती खरोखर मरणाची रेष होती.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, फेब्रुवारी १८६४ मध्ये, दक्षिणेच्या सैन्यानं जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे कैद्यांचा तळ उभारला. लाकडी ओंडक्यांचं उंच कुंपण, आत उघडं मैदान, मधून वाहणारा एक घाण ओढा. कुंपणापासून सुमारे १९ फूट आत, कमरेइतकीही नसलेली फळ्यांची एक साधी रांग ठोकलेली. कैद्यानं ती ओलांडली, किंवा तिच्यापलीकडे हातही नेला, की बुरुजावरचा पहारेकरी न विचारता गोळी घाली. या रेषेला ‘डेड लाइन’ म्हणत. जेमतेम चौदा महिन्यांत तिथे सुमारे ४५,००० कैदी आले आणि जवळजवळ १३,००० मेले. बहुतेक भुकेनं, हगवणीनं, स्कर्व्हीनं. तळाचा अधिकारी हेन्री विर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी दिलं. त्या खटल्यामुळे हे शब्द वर्तमानपत्रांतून सगळीकडे पोचले.

पुढे छापखान्यात यंत्राच्या ज्या रेघेपलीकडचा मजकूर उमटत नसे तिला हेच नाव मिळालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वर्तमानपत्रांत मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेला. ऑफिसात आपण दिवसातून दहा वेळा हा शब्द उच्चारतो. त्या फळ्यांच्या रांगेशी तहानेनं पाण्याकडे हात लांबवणारा माणूस मला तेव्हापासून विसरता आलेला नाही.

‘बॉट द फार्म’: मेलेल्यानं शेत कसं घेतलं?

अमेरिकी वायुदलातली बोली; १९५० च्या दशकात छापील दिसते. विमान कोसळून वैमानिक गेला की ‘ही बॉट द फार्म’. एक म्हणणं असं की विम्याच्या पैशातून गावाकडच्या शेतावरचं कर्ज फिटायचं. दुसरं असं की विमान ज्याच्या शेतात पडलं तो शेतकरी सरकारकडून भरपाई घ्यायचा. दोन्हींना पक्का आधार नाही. त्याआधीपासून ब्रिटिश सैनिक मारला गेला की नुसतं ‘ही बॉट इट’ म्हणत, म्हणजे ‘त्यानं किंमत मोजली’. शेत बहुधा नंतर चिकटलं. शेत विकत घेऊन शांत म्हातारपण काढायचं हे तर प्रत्येकच शिपायाचं स्वप्न, आणि ते फक्त मेल्यावर पुरं झालं, असा अर्थ मला त्यात दिसतो.

‘मॉर्टल कॉइल’ म्हणजे कसली गुंडाळी?

गुंडाळी नव्हे. ‘हॅम्लेट’मध्ये, म्हणजे १६०० च्या सुमारास, ‘कॉइल’ या शब्दाचा एक अर्थ धांदल, गलबला, यातायात असा होता. ‘शफल ऑफ धिस मॉर्टल कॉइल’ म्हणजे मर्त्य जगाची ही सगळी दगदग अंगावरून झटकून टाकणे. आपल्या ‘संसाराचा पसारा’च्या जवळ जाणारं. आज लोक हे थोडं नाटकी, हलक्या सुरात म्हणतात.

‘हॅम्लेट’ मराठीत आणलं गोपाळ गणेश आगरकरांनी. ‘विकारविलसित’ या नावानं ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. जगावं की मरावं असा विचार करणाऱ्या राजपुत्राला मराठी बोलायला लावणाऱ्या या माणसाची, तो जिवंत असताना, पुण्यातल्या सनातन्यांनी प्रेतयात्रा काढली होती. आगरकरांनी ती स्वतः पाहिली.

आणखी कुठले कानावर पडतील?

‘स्नफ इट’: मेणबत्तीची वात चिमटीनं विझवणे, आपली ‘प्राणज्योत मालवली’ हीच, पण सूर पार उलटा, गल्लीतला. ‘क्रोक’: शेवटच्या घटकेला घशात होणाऱ्या घरघरीवरून, अतिशय रांगडा शब्द. ‘कॅश इन युअर चिप्स’: अमेरिकेतल्या जुगाराच्या टेबलावरून उठताना चकत्या मोडून पैसे घेणे. ‘गो वेस्ट’: सूर्य जिकडे मावळतो तिकडे जाणे; पहिल्या महायुद्धात फार चालला. आपल्याकडेही मरणाला दिशा आहे, दक्षिण, त्यामुळे मुलींना हा लक्षात ठेवायला सोपा जातो. ‘डेव्ही जोन्सेस लॉकर’: समुद्राचा तळ, बुडालेल्यांची जागा, जुन्या खलाशांचा. ‘ब्राउन ब्रेड’: लंडनच्या कॉकनी बोलीत ‘डेड’शी यमक जुळतं एवढंच, पावाचा काही संबंध नाही.

‘डेड अ‍ॅज अ डोअरनेल’, म्हणजे दाराच्या खिळ्यासारखा मेलेला, हा या सगळ्यांत म्हातारा, चौदाव्या शतकातला. जाड फळीतून खिळा पलीकडे काढायचा आणि टोक ठोकून वाकवायचं. असा खिळा पुन्हा कामाला येत नाही, म्हणून मेलेला, असा एक उलगडा आहे. चार्ल्स डिकन्सनं १८४३ च्या ‘ख्रिसमस कॅरल’च्या पहिल्याच पानावर यावर विचार केला आहे: खिळाच म्हणायचा तर शवपेटीचा खिळा जास्त मेलेला नाही का? पण वाडवडिलांची उपमा आहे, तिला मी हात लावणार नाही, असं तो म्हणतो.

मराठीत यांना काय म्हणायचं?

शब्दाला शब्द शोधू नका, सुराला सूर शोधा. ‘किक द बकेट’ला ‘गचकला’, ‘स्नफ इट’ला ‘खपला’, ‘क्रोक’ला ‘टपकला’ चालेल. ‘पॉप माय क्लॉग्ज’ म्हाताऱ्या माणसानं स्वतःबद्दल म्हटलं तर ‘मी ढगात गेलो की’ किंवा ‘मी राम म्हटला की’. ‘वन फूट इन द ग्रेव्ह’ला आपलं ‘गोवऱ्या मसणात गेल्या’ अगदी चपखल.

बारकाईनं पाहिलं तर एक गोष्ट दिसते. इंग्रजांचे बरेच वाक्प्रचार पुरण्यातून आले: सहा फूट, डेझी, पेटीचे खिळे, थडग्यात एक पाय. सगळं जमिनीखालून वर बघतं. आपले लाकडं, गोवऱ्या, तिरडी, ज्योत यांतून आले. म्हणून डेझीचं मराठी करायला बसलात की अडायला होतं. जिथे प्रेतावर गवतच उगवत नाही तिथे फूल कुठून आणणार? मूठमाती आणि मातीआड होणे आपल्याकडेही आहेत, तेवढा दुवा धरता येतो.

‘माय ग्रँडफादर एक्सपायर्ड’ हे बरोबर आहे का?

भारतात सगळे असंच लिहितात आणि आपल्याला ते आदराचं वाटतं. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मात्र दूध एक्सपायर होतं, पासपोर्ट होतो, औषध होतं. तिथल्या माणसाला मेलमध्ये हे वाचून क्षणभर धक्का बसतो. ‘पास्ड अवे’ लिहा. ‘लेफ्ट फॉर हेवनली अबोड’ हे ‘वैकुंठवासी झाले’चं आपण केलेलं इंग्रजी आहे, ते आपल्या माणसांतच ठेवा.

पेशंट स्वतःबद्दल असं बोलला तर आपणही तेच शब्द वापरायचे का?

पेशंट स्वतःबद्दल बोलतोय तोवर हसून ऐका, पाहिजे तर त्याचाच शब्द पुन्हा उच्चारा: ‘अँड व्हेन यू पॉप युअर क्लॉग्ज, हू गेट्स द रेडिओ?’ त्याला बरं वाटतं, कारण कुणीतरी विषय टाळला नाही. त्याच्या नातेवाइकांशी बोलताना यातला एकही शब्द तोंडातून येता कामा नये, त्यांनी स्वतः वापरला तरी.

आणि बातमी सांगायची वेळ आली तर ‘पास्ड अवे’सुद्धा नको. तिथल्या हॉस्पिटलांत हेच शिकवतात. घाबरलेल्या, अर्धवट ऐकणाऱ्या माणसाला ‘वुई लॉस्ट हिम’ म्हटलं तर वडील वॉर्डातून कुठे निघून गेले असंही त्याला वाटू शकतं. आधी खाली बसा, नाव घ्या, आणि म्हणा: ‘आय अ‍ॅम व्हेरी सॉरी. युअर फादर हॅज डाइड.’ मग थांबा. पुढचं वाक्य त्यांना बोलू द्या.